सर्व गटांचे एकच उत्तर

संशय हा सर्वथा दुर्गुणच आहे असे म्हणता येणार नाही. दुसऱ्यांची लेकरे ज्याच्या हाती सोपवलेली असतात, त्याने थोडे संशयी असणे हेच उचित. डोळे मिटून विश्वास टाकणारा शिक्षक आणि दार उघडे टाकून झोपणारा पहारेकरी यांत फारसे अंतर नाही. परंतु संशयाला स्वतःचे घर सोडून गावभर हिंडण्याची खोड असते. तो शेजाऱ्याची झडती घेतो, पाहुण्याची घेतो, अजाण मुलांचीही घेतो. ज्या धन्याच्या खांद्यावर बसून तो हिंडतो, त्याच्या खिशात मात्र हात घालत नाही. विज्ञानाच्या सरांचे असेच झाले. ते सज्जन होते, विद्वान होते, आणि तरीही झाले.

सर त्या शाळेत इतकी वर्षे होते की प्रयोगशाळेच्या ज्या बाकांवर एकेकाळी बापांनी आपली नावे कोरली, त्याच बाकांवर आता लेक कर्कटक चालवू लागले होते. नववीचा वर्ग हा सरांचा जीव. खालच्या वर्गांतली मुले फार लहान, वरच्या वर्गातली परीक्षेच्या धास्तीने अर्धमेली. नववीतल्या मुलाला अजून ‘असं का?’ असे विचारावेसे वाटते, असे ते म्हणत. ती नववी आपल्याकडून काढून घेतील, ही भीती गेले काही महिने त्यांच्या मनात घर करून होती. धाकट्या बाई नव्याने विज्ञान शिकवायला आल्या होत्या. वयाने लहान, पायात भिंगरी, आणि मुलांचे गट करून शिकवण्यात तरबेज. मुख्याध्यापिकांना, म्हणजे मोठ्या बाईंना, हल्ली गटकार्याचा ध्यास लागला होता. सरांना दोन आणि दोन मिळवायला वेळ लागला नाही.

त्यात ही मार्गदर्शिका आली.

शिक्षकांना गटकार्य नीट चालवायला मदत करणे हे तिचे काम. प्रशिक्षण केंद्राने तिला शाळेत धाडले होते, आणि मोठ्या बाईंनी तिला थेट सरांच्या वर्गात बसवले. मुले पहिल्याच दिवशी तिला ‘ताई’ म्हणू लागली, हे सरांना रुचले नाही. तिची रीतही विचित्र. ती काही लिहून घेत नसे. वर्गभर फिरत नसे. कोपऱ्यातले ठेंगणे स्टूल ओढून एखाद्या गटाशेजारी ठेवी आणि मुलांकडे चक्क पाठ करून बसे.

“बघायला आलीय की भिंतीशी गप्पा मारायला?” सर शिक्षकांच्या खोलीत म्हणाले.

चित्रकलेच्या शिक्षकांनी चहाची कपबशी खाली ठेवली. बातमी आधी त्यांना कळते आणि मग ती घडते, अशी त्यांची ख्याती होती. “ऐकायला आलीय, सर. ऐकायचं आणि मोठ्या बाईंना सांगायचं. मागच्या शाळेतही अशीच गेली होती म्हणे. तिथले एक सर आता भांडारात खडू मोजतात.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पाहिजे? गोड बोलते ना? बस्स. माझा गोड माणसांवर विश्वास नाही. तुमच्यावर आहे, बघा.”

सरांना हसू आले नाही. चहाही त्यांनी अर्धाच घेतला.

मार्गदर्शिकेने सुचवलेली योजना अशी होती. प्रत्येक गटातल्या प्रत्येक मुलाला वेगळे काम. एकाने वस्तू हाताळायच्या, एकाने वेळ मोजायचा, एकाने दर विधानाला ‘कशावरून?’ असे विचारायचे, आणि एकाने एकदा इतर गटांत जाऊन ते काम कसे करतात ते पाहून यायचे. कोणी एकट्याने सगळे उरकू नये आणि कोणी नुसते बघत बसू नये, हा हेतू. सरांनी योजना मान्य केली, पण शेवटच्या कामावर त्यांची नजर रोखलेली राहिली. दुसऱ्याच्या गटात जाऊन पाहायचे? याला त्यांच्या काळात सरळ नक्कल म्हणत.

तो दिवस लंबकाचा होता. प्रत्येक गटाला सारख्या लांबीचा दोरा, एक जड लोखंडी नट, एक हलका लाकडी मणी. प्रश्न सोपा: वजन बदलले तर झोक्याला लागणारा वेळ बदलतो का? मोजून पाहा, वाद घाला, आणि गटाच्या छोट्या फळ्यावर उत्तर लिहा. उत्तर अर्थातच ‘बदलत नाही’ असे यायला हवे. मुलांना आधी ते खरे वाटत नाही, आणि मग मोजल्यावर डोळे विस्फारतात. तो क्षण सरांना फार प्रिय होता.

सर नेहमीप्रमाणे गटागटांतून फिरू लागले. पहिल्या गटाजवळ मार्गदर्शिका पाठ करून बसली होती. त्या गटात एक मुलगी होती, जिला सगळे चिमणी म्हणत. अंगाने बारीक, एका जागी न टिकणारी, आणि इतर गटांत जाऊन येण्याचे काम त्या दिवशी तिच्याकडे होते.

“सर, सारखाच येतोय वेळ,” चिमणी म्हणाली. “जड असो, हलकं असो, फरकच पडत नाही.”

सर थबकले. इतक्या लवकर? इतर गटांच्या दोऱ्यांच्या गाठी अजून सुटत होत्या. त्यांनी मार्गदर्शिकेच्या पाठीकडे पाहिले. ती पाठ त्यांना फारच निष्पाप वाटली. हिनेच सांगितले असणार, त्यांच्या मनात आले. मुलांना उत्तर द्यायचे, आणि मग मोठ्या बाईंना सांगायचे की पाहा, माझ्या पद्धतीने किती झटपट शिकतात.

“नक्की?” त्यांनी चिमणीला विचारले. आवाजात जरा धार होती.

चिमणीचा चेहरा उतरला. सर पुढे गेले.

तास संपताना सगळे छोटे फळे भिंतीशी टेकवून ठेवले गेले, आणि सर ते वाचत गेले. पहिला: जड वजन लवकर झुलते. दुसरा: जड वजन लवकर झुलते. तिसराही तेच. भिंतीच्या टोकापर्यंत प्रत्येक फळ्यावर तेच उत्तर, आणि तेही धडधडीत चुकीचे. शिवाय फळ्यांच्या कोपऱ्यांत मुलांनी स्वतः मोजलेल्या वेळा लिहिल्या होत्या, त्या जवळजवळ सारख्याच होत्या! मोजमाप एक बोलत होते, उत्तर दुसरेच.

सरांच्या पायाखालची वाळू सरकली. एखादा गट चुकतो, दोन चुकतात. सगळे एकाच शब्दांत चुकतात, तेव्हा ती चूक नसते; कोणीतरी ती वाटलेली असते.

आणि वाटत फिरणारी कोण, हेही उघड होते. चिमणी गटागटांत गेली होती. पण तिचे आधीचे उत्तर बरोबर होते. ते तिने आपणहून कशाला बदलावे? तिच्या कानात कोणीतरी सांगितले असणार. तिच्या शेजारी पाठ करून कोण बसले होते? नववीच्या सगळ्या वर्गाला एकाच चुकीच्या उत्तरावर आणून सोडले, तर बदनाम कोण होणार? सरांना सगळी साखळी लखलखीत दिसली. संशयाने बांधलेली साखळी नेहमीच लखलखीत दिसते. तिला गंज चढायला वेळ मिळालेला नसतो.

ते तडक मोठ्या बाईंच्या दालनात गेले.

मोठ्या बाईंनी सगळे ऐकून घेतले. त्या टेबलावरचा कागददाब उगाच फिरवत होत्या.

“म्हणजे तुमचं म्हणणं, ताईंनी मुद्दाम चुकीचं सांगितलं आणि त्या मुलीनं ते पसरवलं?”

“माझं म्हणणं नाही, बाई. दिसतंय ते सांगतोय.”

“सर, आरोप मोठा आहे. ती मुलगी मी बघते रोज. असं करेल असं वाटत नाही.”

“चोर काय कपाळावर लिहून फिरतो?”

“बरं.” बाईंनी कागददाब खाली ठेवला. “उद्या तास संपायच्या आत मी वर्गात येते. तुमचं खरं निघालं, तर ताईंना मी त्याच दुपारी परत पाठवते आणि मुलीच्या आईवडिलांना बोलावते. पण नाही निघालं, तर स्पष्ट बोलते, सर. जो शिक्षक मदतीला आलेल्या माणसात शत्रू बघतो आणि मुलांत चोर, त्याच्याकडे नववी ठेवायची की धाकट्या बाईंना द्यायची, याचा मला विचार करावा लागेल.”

शेवटी ते शब्द उच्चारले गेले. इतके दिवस जे फक्त मनात कुरतडत होते, ते आता टेबलावर येऊन बसले.

घरी सरांनी पत्नीला सगळे सांगितले. त्या परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या. आयुष्यभर इतके विव्हळणे ऐकलेले की नवऱ्याच्या तक्रारीने त्यांचे विणकाम थांबत नसे.

“अहो, तुम्हाला साक्षात देव भेटला तरी तुम्ही आधी ओळखपत्र मागाल.”

“चेष्टा करू नकोस. माझी नववी जातेय.”

“ती पोरगी काय म्हणाली?”

“कोण?”

“चिमणी. विचारलंत का तिला, उत्तर का बदललं?”

“चोराला का विचारतात, चोरी का केलीस?”

“आमच्याकडे तर पेशंटलाच विचारायचे, कुठे दुखतं,” पत्नी म्हणाल्या आणि त्यांनी टाके मोजायला सुरुवात केली. सर रागाने खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. घरातही आपल्या बाजूचे कोणी नाही, असे त्यांना वाटले.

सकाळी प्रयोगशाळेचे कुलूप उघडत असतानाच मार्गदर्शिका आली. सरांनी प्रस्तावना केली नाही.

“काल पहिल्या गटाला तुम्ही काय सांगितलंत?”

“काहीच नाही, सर.”

“मग सगळ्यांचं एकच चुकीचं उत्तर आलं कसं? तुम्ही तिथं बसून ऐकत होता ना? ऐकलंच असेल.”

“ऐकलं.”

“मग सांगा की!”

ती म्हणाली, “सर, मी आत्ता सांगितलं, तर तुम्ही म्हणाल हिनं रचलं. म्हणाल की नाही?”

सरांनी कुलूप खिशात टाकले.

“मग असं करा. आज तोच प्रश्न परत द्या, फक्त वजनं बदला. मी बाहेर ओट्यावर बसते. आत पाऊलही टाकत नाही. आणि माझ्या स्टुलावर तुम्ही बसा. पाठ करून.”

“मी? आणि वर्ग कोण सांभाळणार?”

“वर्ग तुमच्याजवळच असेल. फक्त दिसणार नाही.”

हा सापळा आहे, सरांना वाटले. मी पाठ करून बसलो असता मोठ्या बाई आल्या, तर काय दिसेल? पेंगणारा म्हातारा. पण ती बाहेर बसणार होती. आणि ती बाहेर असूनही उत्तर वाटले गेले, तर निदान मुलीची चोरी तरी रंगेहाथ सापडणार होती. सरांनी मान हलवली.

तास सुरू झाला. सरांनी प्रश्न फळ्यावर लिहिला, मुलांना दोरे आणि नवी वजने वाटली, “मला उत्तरपत्रिका तपासायच्यात, त्रास देऊ नका,” असे सांगितले आणि तपासण्याचा गठ्ठा मांडीवर घेऊन पहिल्या गटाशेजारच्या स्टुलावर भिंतीकडे तोंड करून ते बसले. दार उघडे होते. बाहेर ओट्यावर मार्गदर्शिका डबा उघडून शांतपणे खात होती. तिची सावली उंबरठ्याच्या आत येत नव्हती.

पहिल्यांदा नुसती कुजबुज होती. मग मुले सरांना विसरली, जशी ती खोलीतल्या कपाटाला विसरतात.

“धर रे नीट. एवढं लांब ओढू नकोस.” हा चिमणीच्या गटातल्या उंच पोराचा, लंबूचा आवाज.

“आला. सारखाच आला परत.” ही चिमणी.

“परत सारखाच?”

“मोज तू. माझ्यावर विश्वास नसेल तर.”

“विश्वासाचा प्रश्न नाही,” तिसरा आवाज म्हणाला. हा मुलगा दर गोष्टीवर वाद घाली, म्हणून वर्गाने त्याला ‘वकील’ केले होते. “काल पण सारखाच आला होता. पण सर ‘नक्की?’ म्हणाले ना.”

सरांच्या हातातली लाल पेन्सिल थांबली.

“हो ना. सर ‘नक्की?’ म्हणाले म्हणजे चूक,” लंबू म्हणाला. “बरोबर असलं की सर काहीच म्हणत नाहीत. पुढच्या गटाकडे जातात.”

“सातवीपासून बघतेय मी,” पलीकडच्या गटातून कोणी मुलगी बोलली. “‘नक्की?’ आलं की बदलायचं. आमच्या गटानं पण काल ऐकून बदललं. एवढ्या लांब ऐकू आलं.”

“मग आज काय लिहायचं?”

“थांबा की. सर उठतील, फिरतील. तोपर्यंत दोन्ही उत्तरं तयार ठेवा.”

“आणि ते उठलेच नाहीत तर?”

“मग काय, मेलो.”

हशा पिकला. चिमणी मात्र हसली नाही. ती हळूच म्हणाली, “पण मला ते खोटं वाटलं रे. आपण मोजलं होतं. काल घरी दोरीला चमचा बांधून पण बघितला. सारखाच. सर म्हणाले म्हणून मी बदललं, पण मला झोप नाही लागली.”

सर भिंतीकडे पाहत होते. भिंतीवर चुन्याचा एक पोपडा सुटला होता आणि त्यांची नजर त्यावर खिळली होती. किती वर्षे? किती वर्गांतून, किती बाकांमधून त्यांनी तो एक शब्द फिरवला होता? त्यांना वाटे, आपण विचार करायला लावतो आहोत. बरोबर उत्तराला हा प्रश्न त्यांनी कधी विचारलाच नव्हता. विचारायची गरजच काय, असे वाटे. आणि मुले चतुर; त्यांनी लंबकाऐवजी सरांना मोजायला घेतले. काल संशयाच्या भरात त्यांनी पहिल्यांदाच तो शब्द बरोबर उत्तरावर फेकला, आणि त्या एका शब्दाने सगळी नववी खड्ड्यात गेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! चोर शोधत ते दालनात गेले, कोपऱ्यातल्या स्टुलापर्यंत गेले, एका अजाण मुलीपर्यंत गेले.

ते उठले. वर्ग चिडीचूप झाला. सगळे डोळे त्यांच्या चेहऱ्यावर खिळले. आता त्यांना ते डोळे वाचता येत होते. ती मुले त्यांची भुवई मोजत होती.

सर चिमणीच्या गटाकडे गेले. “उत्तर काय?”

“फरक पडत नाही,” ती चाचरत म्हणाली.

“कशावरून?”

तिने वेळा दाखवल्या. चमच्याचेही सांगितले. सरांनी ऐकले आणि चेहरा कोरा ठेवून ते पुढच्या गटाकडे गेले. तिथे मुलांनी भीतीपोटी कालचेच उत्तर लिहिले होते.

“कशावरून?” सरांनी त्याच आवाजात विचारले.

“सर, तुम्ही...” मुलगा गडबडला. “म्हणजे, बरोबर की चूक?”

“तेच मी तुम्हाला विचारतोय. त्या गटाचं उत्तर वेगळं आहे. जा, त्यांची वजनं घेऊन या. भांडा त्यांच्याशी.”

“खरंच भांडू?”

“बाक मोडू नका म्हणजे झालं.”

मग जो गोंधळ उडाला, तो त्या प्रयोगशाळेने कधी ऐकला नसेल. दोऱ्यांच्या लांब्या ताडून पाहिल्या गेल्या. एका गटाची गाठ खाली घसरली होती, ती वकिलाने पकडली आणि जणू खून उघडकीस आणल्यासारखा तो ओरडला. त्याच वेळी मोठ्या बाई दारात आल्या. मागे मार्गदर्शिका डब्याचे झाकण लावत उभी होती.

बाईंनी फळ्यांवरून नजर फिरवली. काहींवर एक उत्तर, काहींवर दुसरे, काहींवर खोडाखोड.

“सर, काल निदान एकमत होतं. आज काय चाललंय?”

सर त्यांच्याजवळ गेले. “बाई, काल या मुलीनं काही पसरवलं नाही. ताईंनीही नाही. मुलं माझा चेहरा बघून उत्तर लिहितात. काल मीच त्यांना चुकीकडे ढकललं. तुमच्यासमोर मी दोघींवर नाहक आळ घेतला, तो मागे घेतो.”

मागे लंबू कुजबुजला, “चिमणे, तुझ्यावर आळ होता?” चिमणी गोंधळून सरांकडे पाहत राहिली. सरांनी तिच्याकडे पाहून हात जोडले. ते जोडणे इतके साधे होते की मुलांना हसावे की उठून उभे राहावे ते कळेना. काही जण उठून उभेच राहिले.

“मी काल काय म्हटलं होतं, ते आठवतं ना, सर?” मोठ्या बाई म्हणाल्या.

“आठवतं. वर्ग धाकट्या बाईंना द्यायचा असेल तर द्या. मी तक्रार करणार नाही.”

बाईंनी मार्गदर्शिकेकडे पाहिले. “ताई, तुमचं मत?”

“माझं मत कशाला, बाई? तास संपायचाय अजून.”

बाई काही बोलणार तेवढ्यात वकील पुढे आला. “बाई, रागावू नका, पण जरा बाजूला होता का? दारात कोणी उभं राहिलं की वारा वळतो. आमचा मणी थरथरतोय.”

सर वकिलाला मागे ओढायला पुढे सरसावले. पण मोठ्या बाई निमूटपणे बाजूला झाल्या, आणि मग जवळच्या बाकावर टेकून मणी पाहू लागल्या. चिमणी मोठ्याने झोके मोजत होती, आणि ज्या गटाने कालचे उत्तर धरून ठेवले होते, तो गट तिच्या बरोबरीने, चूक पकडायच्या ईर्षेने, मोजत होता. झोके संपले. दोन्ही गटांनी घड्याळाकडे पाहिले. कोणीच सरांकडे पाहिले नाही.

घंटा झाली तरी मुले हलेनात. मोठ्या बाई उठल्या, दाराशी थांबल्या आणि वळून म्हणाल्या, “सर, उद्या नववीच्या तासाला मी येईन. तुम्हीच घ्या तो.” त्यापुढच्या दिवसांचे त्या काही बोलल्या नाहीत, आणि सरांनीही विचारले नाही.

जे शिकवतात त्यांच्या वाणीला संयम लाभो, आणि जे शिकतात त्यांना आपल्या डोळ्यांनी पाहण्याचे धैर्य. जी दुसऱ्याच्या घरी मदतीला जाऊन संशय सोसते, तिच्या वाटेवर सावली असो. आणि ज्या लेकराने दोरीला चमचा बांधून सत्याची राखण केली, त्याला सुखाची झोप लागो.